दशमीचा डबा

माझ्या स्वभावाचं आधीच सांगून टाकते. मला राग लवकर येतो, आणि आला की तो पोटात राहत नाही. आई म्हणायची, हिला सासर मिळेल तेव्हा कळेल. सासर मिळालं, कळलंही बरंच काही, पण तोंड काही बंद झालं नाही. ते बंद झालं असतं तर आमच्या नणंदबाई आयुष्यभर वाती वळत बसल्या असत्या, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

मी कुहीकडच्या खेड्यातली. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, वाढले. आमच्याकडे सोवळं नव्हतं असं नाही, पण रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या माणसांना सोवळ्यात जेवायला घरी कोण बोलावणार? शिदोरी शेतावर जायची. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, झुणका, मिरचीचा ठेचा, सारं फडक्यात बांधलं की झालं. लग्न होऊन नागपुरात महाल पेठेतल्या घरी आले, आणि पाहते तर काय, इथे शिजलेलं अन्न उंबऱ्याबाहेर पाऊलच टाकत नव्हतं.

घर लहानसंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजी सरकारी कचेरीत कारकून. आमचे हे गिरणीच्या हापिसात. धाकटी नणंद, बारा-तेरा वर्षांची, सीताबर्डीजवळ मुलींच्या शाळेत जाणारी. आणि या सगळ्यांवर आत्याबाईंचं राज्य. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. चूल, देव आणि सोवळं ही तीन खाती त्यांच्याकडे, आणि तिन्हींत कोणाची ढवळाढवळ त्यांना खपत नसे.

त्यांचा नियम असा. पाणी आणि आग एकत्र आली की अन्न खरकटं झालं. भात खरकटा, वरण खरकटं, पाण्यात पीठ मळून भाजलेली पोळीसुद्धा खरकटी. असं अन्न सोवळ्यात रांधायचं, देवाला दाखवायचं, घरात बसून खायचं. कचेरीत, शाळेत, जिथे कोण कोणाला शिवतं याचा पत्ता नाही, तिथे न्यायचं नाही. आता देवाला नैवेद्य दाखवायचा म्हणजे मामंजींची पूजा आटोपली पाहिजे. मामंजींची पूजा मालगाडीसारखी चालायची, प्रत्येक देवापाशी थांबत. नैवेद्य होईपर्यंत नणंदेच्या शाळेची वेळ व्हायची. पोर उभ्या उभ्या दोन घास कोंबायची आणि पळायची. बरोबर काय, तर रुमालात मूठभर फुटाणे. ते कोरडे, म्हणून चालायचे. त्यावर संध्याकाळपर्यंत भूगोल, गणित आणि ड्रिल.

भादव्यात एक दिवस ती शाळेत चक्कर येऊन पडली. टांग्यातून घरी आणली. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. आत्याबाईंनी दृष्ट काढली. मामंजी कचेरीतून आले, सगळं ऐकून घेतलं आणि पागोटं खुंटीला अडकवता अडकवता म्हणाले, की पोरीच्या जातीला शाळेचा ताण झेपत नाही. दिवाळीपर्यंत जाऊ द्या. पुन्हा पडली तर त्या दिवसापासून बंद, आणि नाही पडली तर दिवाळीनंतर बघू. या 'बघू'चा अर्थ काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एक स्थळ विचारणा करून गेलेलं होतंच.

नणंद कोणापुढे रडली नाही. मागच्या अंगणात विहिरीपाशी जाऊन भांडी घासत बसली, जी आधीच घासलेली होती. मी जवळ गेले तर मला विचारलं, "वहिनी, मी खरंच इतकी नाजूक आहो का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नाजूक म्हणे. उपाशी आहे ती. बैलाला वैरण टाकल्याशिवाय कोणी औताला जुंपत नाही, आणि इथे पोरीला फुटाण्यांवर ड्रिल करायला पाठवतात आणि वर म्हणतात ताण झेपत नाही. मी तशीच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि हे सगळं, बैलासकट, आत्याबाईंना ऐकवलं. उद्यापासून मी तिला पोळी-भाजी बांधून देणार, असंही सांगितलं. आत्याबाईंनी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, की ज्या दिवशी या चुलीवरची पोळी अशी बाहेर जाईल त्या दिवसापासून त्या या घरात अन्न घेणार नाहीत. आणि त्या बोलत ते करत. मी हरले, चांगली सपशेल हरले. रात्री ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुझं बरोबर आहे, आणि कुशीवर वळून झोपले.

पुढे आठवडाभरात आत्याबाई शेजारणींबरोबर जबलपूरला नर्मदेच्या स्नानाला निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी मला हाक मारून पीठ मळायला बसवलं, आणि पाण्याच्या तांब्याऐवजी पुढ्यात दुधाचं भांडं ठेवलं. म्हणाल्या, पाण्याचा थेंबही लागू देऊ नको, दशम्या करायच्या आहेत, आगगाडीत लागतील.

मी दशम्या पहिल्यांदा पाहत नव्हते. दुधात कणीक मळून केलेली पोळी खरकटी होत नाही, प्रवासाला चालते, हे कोणत्याही घरच्या पोरीला माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात उजेड पडणं वेगळं. माझे हात परातीत तसेच थांबले. आगगाडीच्या डब्यात शंभर तऱ्हेची माणसं बसतात. तिथे दशमी चालते. मग शाळेच्या ओसरीवर का नाही?

मी त्या वेळी तोंड मिटून राहिले. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते माझं मला ठाऊक. पण यात्रेला निघालेल्या माणसाशी भांडू नये एवढी अक्कल होती. आत्याबाई परत आल्या, पाय धुतले, चहा घेतला, आणि मग मी अगदी गोड आवाजात विचारलं, की दशम्या कशा झाल्या होत्या. चांगल्या झाल्या होत्या म्हणे, शेवटपर्यंत मऊ होत्या.

"दशमी नर्मदेले चालली," मी म्हटलं, "तर शाळेले काहून चालत नाही?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळा म्हणजे प्रवास नव्हे, म्हणाल्या. मी म्हटलं, जुम्मा तळ्याच्या काठाने पोर रोज तंगड्या तोडत जाते आणि तोडत येते, हा प्रवास नाही तर काय आहे. त्यावर त्यांनी माळेचा एक फेरा पुरा केला. शेवटी म्हणाल्या, दुधातली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण पाण्याचा एक थेंब जरी गेला तरी मला कळेल.

झालं. मला तेवढंच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दुधात कणीक मळली, तीळ लावून दशम्या लाटल्या, वर तूप, सोबत जवसाची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. पितळी डब्याला आधीच कल्हई करून ठेवली होती. संध्याकाळी डबा रिकामा आला. तो नियमाप्रमाणे बाहेरच्या ओट्यावर राखेने घासून पालथा ठेवला. नणंदेच्या चेहऱ्यावर तरतरी होती आणि ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. मला हुरूप आला.

पण रोज दशमी आणि चटणी खाऊन कोणाचं भागतं? पोरीला हिरवं पाहिजे, डाळ पाहिजे, फळ पाहिजे. मी विचार करायला लागले. नियम तर एवढाच ना, की पाणी घालायचं नाही. मग ज्या वस्तूत देवानेच रस घालून पाठवला आहे, तिला वरून पाणी कशाला? लाल कोहळं, म्हणजे भोपळा, किसून गुळाबरोबर कढईत ठेवलं, तर ते आपल्याच रसात शिजलं. त्यात मावेल तेवढी कणीक घालून बोंडं तळली. मेथी चिरून मीठ लावून ठेवली, तिला सुटलेल्या रसात आणि दह्यात ज्वारीचं पीठ मळून धपाटे केले. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडून, खसखस आणि खोबऱ्याचं सारण भरून वड्या तळल्या, त्यांची पारीही दुधातलीच. मूग भिजवून मोड आणले, लिंबू पिळून कच्चेच दिले. तिथे पाणी होतं पण आग नव्हती. भाजलेले शिंगाडे, जाम म्हणजे पेरू, ज्वारीच्या लाह्यांना तूप-मीठ. एका वारी दिलेलं दुसऱ्या वारी द्यायचं नाही, असा माझा पणच होता. आदल्या दिवशी डब्यात काय शिल्लक आलं यावरून दुसऱ्या दिवशीचं ठरवायची.

फजितीही झाली. मोसमातली पहिली हिरवट संत्री बाजारात आली, आणि मला वाटलं, दुधात मळतात, दह्यात मळतात, मग संत्र्याच्या रसात का नाही? नागपूरची सून मी, मळली कणीक संत्र्याच्या रसात. तव्यावर टाकेपर्यंत वास काय सुंदर. खायला घेतली तर काढा परवडला, इतकी कडू. पहिला मान ह्यांचा होता, कारण ह्यांनाही मी आता डबा द्यायला लागले होते आणि नवा पदार्थ आधी त्यात जायचा. संध्याकाळी हे आले आणि म्हणाले, तब्येतीला चांगली असावी. बिचारे सगळी संपवून आले होते. तेव्हापासून संत्री सोलून खायची असतात हे मला पटलं.

आता राहिले मामंजी. माझं एक निरीक्षण होतं. घरातले सगळे नन्नाचे निकाल संध्याकाळी, ते कचेरीतून आल्याबरोबर लागत. सकाळी नैवेद्याचं जेवून गेलेला माणूस, दिवसभर तोंडात काही नाही, घरी यायचा तो धुमसतच. कंदिलाची काच काळी का, इथपासून सुरुवात. दिवाळीनंतर नणंदेचा निकाल याच माणसाच्या हातात होता, आणि उपाशी माणसाच्या हातात कोणताही निकाल देऊ नये असं माझं मत आहे. मी त्यांच्यासाठीही डबा भरला. ते म्हणाले, सरकारी कचेरीत मी काय पोरांसारखा डबा उघडून बसू? मी डबा त्यांच्या पिशवीत, छत्रीच्या बाजूला ठेवून दिला. पहिल्या दिवशी तो तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या खेपेला कोहळ्याची बोंडं होती आणि डबा रिकामा आला. त्या संध्याकाळी काच काळी होती आणि कोणाला बोलणी बसली नाहीत.

हे सगळं सुरळीत चाललं असताना आत्याबाईंनी मेथीचा प्रश्न काढला. परातीत मेथीला सुटलेला रस त्यांनी पाहिला. हे पाणीच आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, पाणी नाही, रस आहे. त्या म्हणाल्या, पावसाचं पाणीच मेथीने प्यालेलं असतं. आता आली का पंचाईत. माझ्या जिभेवर बरंच काही आलं, पण मी परात उचलून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, गायही पाणीच पिते आत्याबाई, मग दुधाचं काय करायचं? मग आत्याबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. हसल्या असं मी म्हणणार नाही, त्यांना ते आवडलं नसतं. "मळ वं मळ," म्हणाल्या, "वकील व्हाले पाहिजे होतं तू." त्या दिवशी मेथीचे धपाटे मी जरा जास्तच केले.

दसरा झाला. दिवाळी तोंडावर आली. पोर एकदाही पडली नव्हती, गालांवर रंग आला होता, पण खरी परीक्षा पुढेच होती. शाळा तपासायला वरून मोठ्या मॅडम येणार होत्या आणि त्यांच्यासमोर सगळ्या मुलींचं ड्रिल व्हायचं होतं, मोकळ्या मैदानात, भर दुपारी. पालकांना बोलावणं आलं. नागपूरचं आश्विनातलं ऊन काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. मामंजींनी रजा टाकली. ते काही कौतुकाने येत नव्हते. पोर पडते की नाही ते डोळ्यांनी पाहायला येत होते, आणि हे नणंदेलाही माहीत होतं. सकाळी मी डबा भरताना ती म्हणाली, वहिनी, माझे हात पाहा, थंड पडून राहिले. मी तिचे हात चोळले आणि डब्यात एक दशमी जास्त घातली. मधल्या सुट्टीत सगळं खायचं, म्हटलं, एक कणही उरवायचा नाही.

पुरुष मैदानाकडेला खुर्च्यांवर, आम्ही बायका ओसरीवर सतरंज्यांवर. मधल्या सुट्टीत मुली झाडाखाली डबे उघडून बसल्या. आमची पोर डबा उघडणार, तेवढ्यात तिच्या शेजारची मुलगी तिथल्या तिथे आडवी झाली. कामठीहून रेल्वेने येणारी विणकराची पोर, अंगाने नुसती काडी. सकाळच्या गाडीसाठी अंधारात घर सोडून निघायची, पोटात काही नसणार. वर्गाच्या बाई पाणी आणायला धावल्या. आमच्या पोरीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, डब्यातली दशमी मोडली, गुळाचा तुकडा तिच्यात गुंडाळला आणि आपल्या हाताने तिच्या तोंडात घातला. एक घास, दुसरा घास. ती पोर उठून बसली. मग दोघींनी त्याच डब्यात हात घालून खाल्लं. एक हिचा हात, एक तिचा.

मी खुर्च्यांकडे पाहिलं. मामंजींनी पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. त्यांची नजर त्या डब्यावर होती आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

घंटा झाली. ड्रिल सुरू झालं. हात वर, हात खाली, उजवीकडे, डावीकडे. मैदान तव्यासारखं तापलेलं. मधेच एक-दोघी रांग सोडून सावलीत गेल्या. आमची पोर पहिल्या रांगेत होती. घाम कपाळावरून गळत होता, पण पाय रोवलेले आणि मान ताठ. तिच्या शेजारी ती कामठीची पोरही उभी. शेवटी सलामी झाली, टाळ्या वाजल्या. मी तर ओसरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होते, डोक्यावरचा पदर घसरला तरी मला भान नव्हतं. आनंदाने मला रडू येत होतं. पडली नाही ती. पण आता त्या शिवल्या गेलेल्या डब्यापायी शाळा जाते की काय?

टांग्यात बसलो. नणंदेला कळलं होतं की वडिलांनी पाहिलं, आणि ती बाहेर बघत माझा हात घट्ट धरून बसली होती. मी मनात भांडणाची तयारी करत होते. या वेळी बैल नको, असं ठरवत होते.

घरी आलो. मामंजींनी हातपाय धुतले आणि पाटावर टेकले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी पहिलं तेच विचारलं, पोर पडली का.

"नाही पडली," मामंजी म्हणाले. "पडलेलीले उठवलं तिनं."

आत्याबाईंनी नणंदेकडे पाहिलं. मग ओट्यावर ठेवलेल्या डब्याकडे. ज्या बाईला पाण्याचा थेंब कळतो तिला बाकीचं कळायला वेळ लागत नाही. उठवलं म्हणजे कसं, हे त्यांना विचारायचं होतं. त्या विचारणारच होत्या, तोंड उघडलंही होतं. पण मामंजी माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला उद्देशून सरळ वाक्य बोलल्याचं आठवत नाही, जे काही असेल ते हवेत सांगत. त्या दिवशी माझ्याकडे पाहून बोलले.

"डबा पुरला नाही आज," ते म्हणाले. "दिवाळीनंतर शाळा उघडली की तिच्या डब्यात दोन दशम्या जास्त घालत जा."

दिवाळीनंतर. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. नणंदेने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वण दिवाळीच्या अभ्यंगापर्यंत होता. आम्ही दोघी आत्याबाईंकडे पाहत होतो, कारण अजून त्यांचा शब्द बाकी होता आणि त्या बोलत ते करत. त्या दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. लहानपणापासून सांभाळलेलं एवढं मोठं सोवळं, ते एका वाक्यात कसं हलावं.

"मंग दूध जास्त लागन," त्या शेवटी म्हणाल्या. "गवळ्याले सकाळी मी सांगते."